खोलगटातली थंडी

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी 'बर्फ पडल्याची' बातमी थंडीत एखाद्या सकाळी येते. खरं तर आकाशातून काहीच पडलेलं नसतं. गवतावर, जीपच्या टपावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर जमलेलं दव गोठलेलं असतं. महाराष्ट्राच्या वाट्याचा बर्फ तो एवढाच. पण तो चार दिवस आधी कळला, तर शेतकऱ्याचं पीक वाचतं.

मी राहतो कामणला, तुंगारेश्वरच्या डोंगराच्या पायथ्याशी. माझा मामेभाऊ निफाड तालुक्यात द्राक्षं पिकवतो. टीव्हीवर सिमल्याचा बर्फ दिसला की मी त्याला फोन करतो, "तयारीला लाग." यात ज्योतिष नाही. पश्चिमेकडून येणारे 'पश्चिमी विक्षोभ' हिमालयात बर्फ पाडतात. ते पूर्वेला सरकले की मागून उत्तरेचे कोरडे, गार वारे उतरतात आणि काही दिवसांत नाशिक-खानदेशापर्यंत पोहोचतात. कधी मुंबईपर्यंतही. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझचा पारा ७.४ अंशांवर आला होता.

अशी लाट आधी दिसते. नेमका अंश मात्र दिसत नाही. सुरुवातीच्या नोंदीतला बारीकसा फरक दिवसागणिक वाढत जातो, हे एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखवून दिलं. म्हणून आता संगणकावर सुरुवात किंचित बदलून तेच गणित अनेकदा मांडतात. बहुतेक उत्तरं जुळली तर भरवसा जास्त, फाकली तर कमी. युरोपातल्या सखल गावात बर्फ पडेल की पाऊस, हेही एखाद-दोन अंशांवरच ठरतं. तिथंही चार दिवस आधी 'शक्यता' एवढंच सांगता येतं.

आणखी एक गोष्ट आहे. वेधशाळेचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, माणसाच्या छातीच्या आसपासच्या उंचीवर असतो. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाला देऊन टाकते, आणि गवताजवळचं तापमान पेटीपेक्षा चार-पाच अंशांनी खाली जाऊ शकतं. गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगटात साचते. वेण्णेकाठी दव गोठतं ते यामुळेच. ढग आले किंवा वारा सुटला, की हा खेळ मोडतो.

एका जानेवारीत भावाने सहा अंशांचा अंदाज ऐकला आणि निश्चिंत झोपला. सकाळी वरच्या बागेला काही झालं नव्हतं. ओहोळालगतच्या खालच्या तुकड्यातले मणी मात्र तडकले होते. वर्षाची मेहनत गेली. अंदाज चुकला नव्हता. तो पेटीतल्या हवेचा होता, खोलगटातल्या द्राक्षांचा नव्हता.

आता त्याने खालच्या तुकड्यात स्वतःचा तापमापक लावला आहे. रोज पहाटे तो आकडा वहीत उतरवतो आणि जवळच्या केंद्राच्या आकड्याशी ताडून पाहतो. लाटेची वर्दी मिळाली की चार दिवसांत सरपण आणि माणसं जमवतो. शेवटच्या संध्याकाळी आभाळ आणि वारा पाहतो, मग पहाटे शेकोट्या पेटवायच्या आणि ठिबकने पाणी सोडायचं की नाही, ते ठरवतो.

आमचे अब्बा कामणला भाजीची रोपं ओहोळाकाठच्या खाचरात कधी लावत नसत. "तिथं थंडी बसते," म्हणत. परवा भावाचा फोन आला, "भाई, अंदाज सातचा आहे. खाली तीन धरतो."