एकजण जिंकते, मग टीम कशाला?

परवा सायकल राइडला सोबतच्या एका मुलीनं हाच प्रश्न विचारला. मला लगेच एसडी वर्क्स या डच महिला संघाचा २०२३चा हंगाम आठवला.

शर्यतीत पुढे राहून वारा अंगावर घेणारी दमते, तिच्या आडोशानं जाणारीची ताकद वाचते. म्हणून सहकारी आळीपाळीनं पुढे राहतात आणि मुख्य सायकलपटू शेवटच्या चढापर्यंत ताजी राहते.

त्या हंगामात एप्रिलमध्ये या संघाच्या डेमी व्होलरिंगनं आम्स्टेल, फ्लेश वालोन आणि लिएज या तिन्ही शर्यती जिंकल्या. जुलैत टूरमाले घाटाच्या धुक्यात सगळ्यांना मागे टाकून महिलांची टूर द फ्रान्सही!

फ्लँडर्सची शर्यत मात्र तिचीच सहकारी लोटे कोपेकीनं जिंकली. टूरमध्ये दुसरीही तीच. डोंगरचढ ही काही तिची खासियत नव्हे, म्हणून मला याचं जास्त कौतुक.

स्ट्राडे बियांके शर्यतीत तर या दोघीच सिएनाच्या चौकात एकमेकींशी भिडल्या. डेमी जेमतेम पुढे!

संघाच्या डावपेचांबद्दल काहीही विचारा, आनंदानं सांगेन.