भय आणि धांव

शाळेच्या वार्षिक खेळांच्या दिवशीं शर्यतीच्या आरंभरेषेजवळ उभे राहून मुलांचे चेहरे पाहण्याची संधि ज्यांस मिळाली असेल, त्यांस आम्ही काय म्हणतों हें लागलींच कळेल. शिटी वाजण्यापूर्वींच्या त्या अर्ध्या मिनिटांत कोणाचे ओठ कोरडे पडलेले असतात, कोणाचे हात थंडगार झालेले असतात, आणि काल मैदानावर सर्वांत मोठ्यानें बढाई मारणारा गडी आज आपलें पोट दुखत असल्याचें गुरुजींस हळूच सांगतो. पालकांस याचें हंसूं येतें. पण परीक्षेच्या दालनापाशीं, मुलाखतीच्या वेळीं किंवा आजाऱ्याच्या उशाशीं मोठ्या माणसांची स्थिति याहून फारशी निराळी नसते.

शरीरशास्त्र असें सांगतें कीं, भय उत्पन्न होतांच मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या लहान ग्रंथींतून एक रस रक्तांत मिसळतो. त्यामुळें हृदय जोरानें उडूं लागतें, श्वासाची गति वाढते, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतें आणि तोंडाची लाळ आटते. आतां गंमत अशी कीं, शर्यत जिंकणाऱ्या धांवपटूच्या अंगींही आरंभीं हेंच सर्व घडत असतें. तेव्हां छाती धडधडली म्हणजे आपण भित्रे ठरलों, असें मुलांनीं मानण्याचें कारण नाहीं. देह आपलें काम करीत असतो. त्या बळानें कोणत्या दिशेस धांवावयाचें हा प्रश्न मात्र देहाचा नव्हे. त्याचें उत्तर एका धांवपटूनें कसें दिलें, तें आज आम्ही वाचकांपुढें ठेवतों.

एरिक लिडेल याचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजीं चीन देशांतील टिंट्सिन शहरीं झाला. आईबाप स्कॉटलंडचे, लंडन मिशनरी सोसायटीचे सेवक. मुलगा इंग्लंडांत मिशनऱ्यांच्या मुलांसाठीं असलेल्या शाळेंत शिकला, पुढें एडिंबरो विश्वविद्यालयांत शास्त्रविषयाचा विद्यार्थी झाला, आणि स्कॉटलंडच्या वतीनें रग्बीचे सात सामने खेळला. धांवण्यांतही त्याचें नांव गाजूं लागलें होतें. अशा मुलास कसलें आलें आहे भय, असें कोणासही वाटेल. परंतु भय होतें. आणि तें चार माणसांपुढें उभे राहून बोलण्याचें!

१९२३ च्या एप्रिल महिन्यांत डी. पी. टॉमसन नांवाचे एक तरुण सुवार्तिक त्याच्या बिऱ्हाडीं आले, आणि आर्माडेल या खाणकामगारांच्या गांवीं होणाऱ्या सभेंत बोलशील काय, असें त्यांनीं त्यास विचारलें. लिडेलनें क्षणभर मान खालीं घातली व मग होकार दिला. होकार दिल्यावर मात्र त्यास चैन पडेना. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चीनहून बहीण जेनी हिचें पत्र आलें. तें कित्येक आठवड्यांपूर्वींच टपालांत पडलेलें, अर्थात् या सभेची वार्ता तिला असणें शक्यच नव्हतें. त्या पत्रांत तिनें यशयाच्या ४१ व्या अध्यायांतील १० व्या ओवीकडे त्याचें लक्ष वेधलें होतें. आपण जवळ आहों म्हणून भय धरूं नये, असा धीर परमेश्वर आपल्या लोकांस जींत देतो, तीच ही ओवी. यास कोणी योगायोग म्हणेल. त्याच्याशीं आम्ही वाद घालीत नाहीं. लिडेल त्या सभेस गेला, आणि सुमारें ८० माणसांपुढें साध्या शब्दांत आपल्या विश्वासाविषयीं बोलला. भय आधीं नाहींसें झालें व मग तो बोलला असें नव्हे. भय बरोबर घेऊनच तो उठला. आमच्या मतें पॅरिसच्या पदकापेक्षां हीच गोष्ट विद्यार्थ्यांनीं अधिक ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

त्याच वर्षीं जुलै महिन्यांत स्टोक येथें ४४० यार्डांच्या शर्यतींत धक्का लागून तो कडेच्या गवतावर पडला. उठेपर्यंत बाकीचे सुमारें २० यार्ड पुढें गेले होते. तो उठला, धांवला आणि सर्वांच्या पुढें जाऊन पोहोंचला. पोहोंचल्यावर मात्र तो कोसळला.

पॅरिसच्या १९२४ च्या ऑलिंपिक सामन्यांची कथा बहुतेकांस ठाऊक आहे. १०० मीटरच्या शर्यतीची प्राथमिक फेरी ६ जुलै रोजीं, म्हणजे रविवारीं, ठेवलेली होती. आणि प्रभूचा दिवस खेळांत घालवावयाचा नाहीं असा लिडेलचा नियम होता. 'चॅरियट्स ऑफ फायर' या १९८१ च्या चित्रपटांत, जहाजावर चढतांना त्यास हें प्रथम कळतें असें दाखविलें आहे, तें खरें नव्हे. त्यास तें कित्येक महिने आधींच माहीत होतें. आमच्या दृष्टीनें हा भेद लहान नाहीं. क्षणाच्या आवेशांत नकार देणें सोपें असतें. पण वर्तमानपत्रांची टीका, मित्रांची निराशा आणि स्वतःच्या मनांतील 'आपलें चुकलें तर नाहीं ना' ही शंका महिनोन् महिने सोसणें कठीण. लिडेलनें तो काळ ४०० मीटरच्या सरावांत घालविला.

११ जुलै रोजीं अंतिम फेरींत त्याच्या वांट्यास सर्वांत बाहेरची पट्टी आली. त्या पट्टींतून प्रतिस्पर्धी दिसत नाहींत; कोण जवळ आला, कोण मागें पडला, कांहीं समजत नाहीं. पहिलें अर्धें अंतर त्यानें २२.२ सेकंदांत कापलें. इतक्या वेगानें निघालेला धांवपटू शेवटीं गळून जाणार, असा जाणत्यांचा अंदाज होता. परंतु मान मागें टाकून व हात वेडेवांकडे हलवीत तो ४७.६ सेकंदांत, ऑलिंपिकचा नवा उच्चांक करून, पहिला आला. येथें एक सांगितलें पाहिजे. विश्वास धरणारास पदक मिळतें, असा याचा अर्थ कोणीं करूं नये. दोनच दिवसांपूर्वीं २०० मीटरमध्यें तोच लिडेल तिसरा आला होता, आणि देव त्या दिवशींही तोच होता.

पुढच्याच वर्षीं कीर्तीकडे पाठ फिरवून लिडेल चीनमध्यें गेले व टिंट्सिनच्या अँग्लो-चायनीज कॉलेजांत शिकवूं लागले. १९३७ नंतर युद्धग्रस्त खेड्यांत सायकलवरून हिंडून त्यांनीं सेवा केली. एकदां एका जखमी मनुष्यास मिशनच्या रुग्णालयांत आणावयाचें होतें. जपानी शिपायांच्या भीतीनें गाडीवान एकटा जाण्यास धजेना. लिडेल बरोबर येत असतील तर येतों, असें तो म्हणाला. लिडेल बरोबर गेले.

१९४१ मध्यें त्यांनीं पत्नीस व मुलींस कानडा देशीं पाठविलें. १९४३ मध्यें ते स्वतः वेइशीनच्या छावणींत स्थानबद्ध झाले. तेथें सुमारें दीड हजार माणसें कोंडलेलीं होतीं, आणि त्यांत आईबापांपासून ताटातूट झालेलीं शाळेचीं मुलेंही होतीं. लिडेल त्यांस शास्त्र शिकवीत व त्यांचे खेळ भरवीत. रविवारीं मात्र खेळ बंद. एका रविवारीं मुलांनीं आपल्याच जबाबदारीवर हॉकी मांडली व तिचा शेवट मारामारींत झाला. पुढल्या रविवारीं पंच म्हणून स्वतः लिडेल मैदानावर उतरले! ज्या नियमासाठीं त्यांनीं सुवर्णपदकाची आशा सोडली होती, तो त्यांनीं भांडणाऱ्या पोरांसाठीं बाजूस ठेवला. नियम मोडल्यास देव रागावेल, या धाकानें त्यांनीं तो पाळला असता तर हें त्यांच्या हातून झालें नसतें, असें आम्हांस वाटतें.

२१ फेब्रुवारी १९४५ रोजीं मेंदूंतील गांठीच्या विकारानें त्याच छावणींत त्यांचें देहावसान झालें. वय ४३, धाकटी मुलगी त्यांस कधीं पाहावयासही मिळाली नाहीं. छावणीची सुटका १७ ऑगस्ट रोजीं झाली. मृत्यूच्या कांहीं आठवडे आधीं, भर थंडींत, छावणींतील एका मुलाचे जोडे फाटलेले पाहून लिडेल यांनीं आपले धांवण्याचे जोडे त्यास दिले. ते जुनेच होते. फाटलेल्या जागीं त्यांनीं आपल्या हातानें दोरा बांधून ते नीट केले होते.