एक नोंद, तीन ओळी

समजा, गारगोटीच्या एका शाळेत पावसाची नोंद संगणकावर होते. पहिल्या ओळीत तारीख, सकाळी ८.३० ही वेळ व मिलिमीटर. खालच्या दोन ओळींत ‘वेदगंगेला पूर’, ‘२०१९ सारखेच पाणी’. आपल्या दृष्टीने नोंद एकच. पण नोंदी गोळा करणारी आज्ञावली ओळ संपली की नोंद संपली असे मानते. मग ‘पूर’ शोधला तर सापडतो, पण तारखेविना!

ओळीच्या आरंभी पूर्ण तारीख व वेळ असेल तरच नवी नोंद धरावी. एरवी ओळ आधीच्या नोंदीला जोडावी. नुसते चार अंक पाहिले, तर ‘२०१९’ची ओळ पुन्हा तुटेल.

दुसरी अडचण अधिक चकवणारी. नोंद संपली हे पुढची तारीख आल्यावरच कळते. तोवर आज्ञावली काही सेकंदच थांबते. लिहिणारा त्याहून रेंगाळला, तर उरलेली ओळ सुटी पडते. नियम बरोबर असूनही नोंदी अधूनमधूनच तुटत असतील, तर आधी ही मुदत वाढवून पाहावी.