गोंगाटातून खूण कशी ओळखावी?

औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तेथे मोजायचे काय, असे कामगार बंधू मला पुष्कळदा विचारतात.

काटकोनात टाकलेल्या, चार-चार किलोमीटर लांब अशा दोन नळ्यांत आरसे टांगायचे. दूर कोठे दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली की अवकाश किंचित ताणते व आकसते. त्याची खबर लेसरचा प्रकाश आणतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन यंत्रांना अशी पहिली खबर मिळाली. लांबीतला फरक होता प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाएवढा!

येथे अडचण प्रकाशाचीच आहे. प्रकाश कणाकणांनी येतो. पत्र्यावर पडणारे पावसाचे थेंब जसे दर क्षणी सारखे नसतात, तद्वत या कणांची मोजदादही डळमळते. बरे, प्रकाश वाढवावा, तर कणांचे धक्के आरशालाच बसतात. चाळीस किलोच्या आरशाला बसणारा हा धक्का २०२० साली प्रत्यक्ष मोजला गेला. हा काही यंत्राचा दोष नव्हे. तो पुंजभौतिकीचा नियम आहे.

मग या आकड्यांच्या गोंगाटातून बदलती खूण काढायची कशी? जिनिंगच्या खडखडाटात पट्टा सैल झालेला जुन्या कामगाराला कळतो, नवख्याला कळत नाही. कारण तो आवाज कसा असतो हे जुन्याला आधीच ठाऊक असते. शास्त्रज्ञ आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून हजारो नमुने तयार ठेवतात आणि एकेक नमुना आकड्यांवर सरकवून पाहतात. बेरजेत गोंगाट बराचसा आपसात फिटतो, खूण मात्र साचत जाते. या लहरींसाठी ही रीत बसवण्यात पुण्याच्या 'आयुका'तील संजीव धुरंधर व त्यांचे सहकारी बी. एस. सत्यप्रकाश यांचा मोठा वाटा आहे.

२०१५ची खूण सेकंदाच्या पाचव्या भागात ३५ कंपनांवरून २५० पर्यंत चढली. त्यावरून कृष्णविवरांची वजने सूर्याच्या ३६ व २९ पट निघाली, पण चार-पाच पट इकडेतिकडे धरून. उत्तरासोबत चुकीची मर्यादाही सांगावयाची, ही शिस्त मला फार मोलाची वाटते. वाटाघाटीत आमच्यापुढे महागाईचे आकडे ठेवणाऱ्यांनी ती कधी पाळल्याचे स्मरत नाही.

तथापि नमुना ठाऊक असलेल्याला नसलेला आवाजही ऐकू येतो. म्हणून दुसरे यंत्र हवे. तीन हजार किलोमीटरवरच्या जोडीदार यंत्रात तीच खूण सात सहस्रांश सेकंदांच्या अंतराने उमटली. केवळ योगायोगाने असे दोन लाख वर्षांतून एकदाही घडू नये, असा हिशेब निघाला. मात्र खूण आली कोणत्या दिशेने, हे दोघांना नीट सांगता येईना. दिशा निघते ती वेळेतल्या फरकावरून, आणि त्यासाठी यंत्रे परस्परांपासून दूर असावी लागतात. इटली व जपानमध्ये अशी यंत्रे झालीच आहेत. औंढ्याचे यंत्र अमेरिकेतल्या जोडीपासून पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या अंगाला असेल.