जनुकांवाचून वाढणारा रोग

रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घातले की सकाळी दही होते, आणि त्या दह्याचेच पुन्हा दुसऱ्या दुधाला विरजण चालते. याचे कारण आज शाळेतला मुलगाही सांगेल. विरजणात सजीव जंतू असतात, आणि आपल्यासारखेच जंतू निर्माण करण्याची माहिती त्यांच्या डी. एन. ए.मध्ये साठवलेली असते. क्षयाचा जंतू घ्या की देवीचा विषाणू, प्रत्येक संसर्गाच्या मुळाशी न्यूक्लिइक आम्लाचा असा धागा असणारच, अशी वैद्यकशास्त्राची पक्की समजूत होती. तिला धक्का दिला तो मेंढ्यांच्या एका रोगाने.

या रोगाचे नाव स्क्रेपी. रोगी मेंढी अंग खांबाला घासते, पुढे लडखडते आणि मरते. तिच्या मेंदूची स्पंजासारखी चाळण झालेली दिसते. १९३६ साली क्विये व शेल या फ्रेंच संशोधकांनी हा रोग एका मेंढीतून दुसरीत नेता येतो हे दाखविले. १९६६ मध्ये गायडुशेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू गिनीतील फोरे लोकांचा कुरू हा तसाच रोग चिंपांझींना होतो हे सिद्ध केले. रोग पसरत होता. पण जंतू काही सापडेना.

येथे किरणांनी साक्ष दिली. घाटकोपर-मुलुंडच्या श्रोत्यांना ट्रॉम्बे परके नाही. तेथे १९७४ साली सुरू झालेल्या ‘आयसोमेड’ केंद्रात कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी वैद्यकीय साहित्य निर्जंतुक केले जाऊ लागले. किरणांनी जंतू मरतात, कारण त्यांच्या न्यूक्लिइक आम्लाचा लांब धागा तुटतो. लक्ष्य जितके मोठे, तितका नेम सहज लागतो. लंडनमध्ये टिकवा आल्पर या विदुषींनी १९६६-६७ च्या सुमारास स्क्रेपीच्या द्रव्यावर असाच मारा केला, तेव्हा ते विलक्षण चिवट ठरले. न्यूक्लिइक आम्ल ज्या अतिनील किरणांनी हमखास बिघडते, त्यांनाही ते दाद देईना. मग त्यात ते आम्ल आहे तरी काय?

१९८२ साली अमेरिकेतील स्टॅनली प्रुझिनर यांनी उत्तर मांडले. प्रथिनांचा नाश करणाऱ्या उपायांनी संसर्ग घटतो, न्यूक्लिइक आम्लाचा नाश करणाऱ्यांनी घटत नाही. या प्रथिनमय द्रव्याला त्यांनी ‘प्रायॉन’ म्हटले. पुष्कळांनी नाके मुरडली. नकाशावाचून घर कसे उभे राहील?

नकाशा सापडला, पण तो रोग्याच्याच घरात! १९८५ साली दिसून आले की या प्रथिनाचे जनुक निरोगी प्राण्याच्याही पेशींत असते. १९९३ मध्ये हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांना स्क्रेपी टोचली, तेव्हा त्यांना रोग झालाच नाही. म्हणजे प्रायॉन माल आणीत नाही. घरच्या मालाला वाकडी घडी घालतो.

तेव्हा विरजणाची उपमा सोडून खडीसाखरेची घ्यावी. साखरेच्या दाट पाकात एक खडा सोडला की पाकातली साखर त्याच्याच घडणीने त्यावर बसत जाते. खड्यात जनुक नसते. असतो तो आकार. वाकडे प्रथिन भेटले की सरळ प्रथिनही तसेच वाकडे होते. एकाच प्रथिनापासून रोगाचे निरनिराळे वाण कसे होतात, या आक्षेपाचे उत्तरही हेच: घड्या निरनिराळ्या पडतात.

अखेरचा पुरावा बनवून पाहण्याचा. २०१० साली जंतूंकडून तयार करविलेले प्रथिन, स्निग्ध पदार्थ व आर. एन. ए. एकत्र करून प्रयोगशाळेत प्रायॉन घडविले गेले. आर. एन. ए. होते, म्हणून शंका उरली. २०१२ मध्ये ते वगळून, केवळ एका स्निग्ध पदार्थाच्या साह्याने बनविलेल्या प्रायॉननेही उंदरांना रोग झाला. विषाणूचा शोध घेणारे मोजके संशोधक उरले आहेत, आणि शंका विचारणे हा त्यांचा हक्कच आहे. पण पुराव्याचे पारडे प्रथिनाकडे झुकले आहे.

या वादाशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध शस्त्रक्रियेच्या टेबलाशी आहे. नेहमीच्या उकळण्याने किंवा फॉर्मेलिनने प्रायॉन जात नाही. त्यासाठी तीव्र कॉस्टिक सोडा किंवा दाबाखालची १३४ अंश सेल्सिअसची वाफ लागते. आणि संबंध माणुसकीशीही आहे. माणसांतला असा रोग, क्रॉइट्सफेल्ट-याकोब, वर्षाला दहा लाखांत एखाद-दुसऱ्यास होतो, आणि बहुधा आपोआपच उद्भवतो. तो स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने लागत नाही. अशा रोग्याच्या उशाशी बसून त्याचा हात हाती घेण्यास कोणीही भिऊ नये.