ऐच्छिक विषय घेताना

गेल्या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत एक शेतकरी गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आमच्या महाविद्यालयात आले. मुलगी बी. ए. झालेली, तिला संज्ञापनाच्या एम. ए.ला नाव घालायचे होते. माहितीपत्रक माझ्यापुढे सरकवून त्यांनी विचारले, "सर, हे ऐच्छिक म्हणजे वाटलं तर घ्यायचं, नाही तर सोडायचं, असंच ना?"

चूक त्यांची नव्हती. शब्दच तसा फसवा आहे. ऐच्छिक विषय घ्यावाच लागतो; कोणता घ्यायचा, एवढेच आपल्या इच्छेवर असते. आणि ही एवढीशी मोकळीक पुष्कळ महत्त्वाची आहे.

आधी संज्ञापन म्हणजे काय ते पाहू. आपल्या मनातले दुसऱ्याच्या मनात नीट पोचवणे म्हणजे संज्ञापन. तेच काम कचेरीत, दवाखान्यात, कारखान्यात जबाबदारीने करायचे, की ते झाले व्यावसायिक संज्ञापन. महाराष्ट्रातील विद्यापीठांत २०२३-२४ पासून जी नवी रचना आली, तिच्यात दोन वर्षांच्या एम. ए.ला सामान्यपणे ८८ श्रेयांक असतात. दर सत्रात त्यांतले ४ श्रेयांक ऐच्छिक विषयाचे. एका श्रेयांकाला वर्गातले १५ तास धरले, तर एका ऐच्छिक विषयाला ६० तास मिळतात. मुख्य विषय सगळ्यांना सारखेच. तांत्रिक लेखन, आरोग्य-संज्ञापन, रेडिओ आणि ग्रामविकास, जनसंपर्क असे विषय मात्र ज्याने त्याने निवडायचे.

आता मुले निवडतात कशी? मैत्रिणीने घेतला म्हणून, किंवा तिथे गुण सढळ मिळतात म्हणून. इथेच घोटाळा होतो. विषय निवडताना आपण खरे म्हणजे माणसे निवडत असतो. उद्या आपले बोलणे कोणाला समजले पाहिजे, कोणाच्या न समजण्याला आपण जबाबदार राहणार, हे तिथे ठरते. तीन उदाहरणे देतो, म्हणजे पटेल.

पहिले तांत्रिक लेखनाचे. १६ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेचे 'कोलंबिया' अंतराळयान उडाले. उड्डाणानंतर ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरच्या फेसाचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अजून अवकाशात असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा हिशेब करून तो वरिष्ठांपुढे पडद्यावर मांडला. एका पानावर मोठ्या अक्षरांतला मथळा दिलासा देणारा होता. खरी गोष्ट होती तळाशी, बारीक अक्षरांत : आदळलेला तुकडा चाचणीतल्या तुकड्यापेक्षा कितीतरी मोठा, ३ घन इंचांच्या जागी सुमारे १,९२० घन इंचांचा! म्हणजे ६४० पट. १ फेब्रुवारीला यान परत येताना फुटले आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. अपघाताला कारणे अनेक होती. पण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्या पानाचीही दखल घेतली. ते वाचून जिवाला धोका आहे हे वरिष्ठांच्या ध्यानात आले नसेल तर नवल नाही, असा त्याचा आशय होता. माहिती लपवलेली नव्हती. ती फक्त चुकीच्या जागी होती. तांत्रिक लेखनाच्या वर्गात हीच जागा ओळखायला शिकवतात.

दुसरे उदाहरण आरोग्याचे. जुलाबाने अंगातले पाणी आटते, त्यावर साखर-मिठाचे पाणी हा उतारा. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तो मोठ्या प्रमाणावर वापरून असंख्य जीव वाचवले. पण घरोघरच्या आयांना हे सांगायचे कसे? बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत एक कोटीहून अधिक घरी बायका पाठवल्या. त्यांनी ग्रॅमची भाषा केली नाही. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी! आणि आईने स्वतःच्या हाताने ते करून दाखवायचे. काही दिवसांनी दुसरे कोणी जाऊन आईला काय आठवते ते विचारी, आणि शिकवणारीचा मोबदला त्यावर ठरे. शिकवणारीने किती सांगितले याला मोल नव्हते; आईच्या ध्यानात किती राहिले याला होते. आम्हा प्राध्यापकांना हा नियम लावला, तर किती जणांचा पगार पुरा निघेल, देव जाणे!

तिसरे उदाहरण आपल्याच मुलखातले. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे चालवून पाहिली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचे, असे वीस कार्यक्रम झाले. गावकरी एकत्र बसून ऐकत, मग आपसात चर्चा करीत आणि त्यांच्या शंका केंद्राकडे जात. म्हणजे रेडिओ नुसता बोलत नव्हता, ऐकतही होता. रेडिओ आणि ग्रामविकास हा विषय घेणाऱ्याने प्रथम हे ऐकणे शिकायचे असते.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्याकडे कोणी विद्यार्थी सल्ला विचारायला आला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. तुला कोणाशी बोलायचे आहे? सत्र संपेल तेव्हा तुझ्या हातात काय असेल : नुसती उत्तरपत्रिका, की खऱ्या माणसांकडून वाचून घेतलेले एखादे पत्रक? आणि तिसरा प्रश्न व्यवहाराचा : माहितीपत्रकात छापलेला विषय यंदा खरोखर शिकवला जाणार आहे काय? छापलेले सगळेच विषय दर वर्षी चालतात असे नाही. शिक्षक नसला किंवा मुले थोडी असली की विषय मिटतो. म्हणून पैसे भरण्यापूर्वी विभागात जाऊन विचारून यावे.

त्या मुलीला मी हेच तीन प्रश्न विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमच्या आईला गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचता येत नाही. ती रंग बघून गोळी घेते. मागे कंपनी बदलली, रंग बदलला, आणि तिनं दोन दिवस गोळीच घेतली नाही." तिने आरोग्य-संज्ञापन घेतले. वडील तेव्हा काही बोलले नाहीत. निघताना मात्र माहितीपत्रकाची नीट घडी घालून त्यांनी ते खिशात ठेवले आणि म्हणाले, "मग हे ऐच्छिक नाही म्हणायचं, सर."