तारापूरचा धडा

कागल तालुक्यातील मुरगूड परिसरात वेदगंगेच्या काठचा शेतकरी रात्रपाळीची वीज आली की उठतो, अंधारातून मोटारीपर्यंत जातो आणि उसाला पाणी सोडतो. ती वीज कोयनेच्या पाण्याची, चंद्रपूरच्या कोळशाची की तारापूरच्या अणूची, हे त्याला सांगता यावयाचे नाही. आम्हासही ते सांगता येणार नाही, कारण या साऱ्या केंद्रांची वीज एकाच जाळ्यात मिसळून वाहते. तथापि कोयनेचे पाणी सह्याद्रीवर पडते आणि चंद्रपूरचा कोळसा विदर्भाच्या भूमीतून निघतो. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांच्या इंधनासाठी मात्र आपल्याला वॉशिंग्टन, पॅरिस, बीजिंग आणि मॉस्को अशा चार राजधान्यांचे उंबरठे झिजवावे लागले. महासत्तांचे राजकारण हा दिवाणखान्यात चहाबरोबर चघळण्याचा विषय आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी हा इतिहास एकदा तरी नजरेखालून घालावा.

त्याचा प्रारंभ मोठ्या उदात्त शब्दांनी झाला. अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी ८ डिसेंबर १९५३ रोजी संयुक्त राष्ट्रसंघात ‘शांततेसाठी अणू’ ही घोषणा केली. नवस्वतंत्र राष्ट्रांची मने जिंकण्याची अमेरिका व सोव्हिएत रशिया यांच्यामधील चढाओढ त्या वेळी नुकती रंगू लागली होती, आणि अणुशक्ती हे त्या चढाओढीतील एक आमिष होते. ८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत-अमेरिका करार झाला, तेव्हा क्यूबाचा पेचप्रसंग आणि हिमालयातील चिनी आक्रमण यांना वर्षही लोटले नव्हते. यशवंतराव चव्हाण नुकतेच मुंबई सोडून दिल्लीच्या संरक्षण खात्यात गेले होते. चीनला तोंड देणारा लोकशाही भारत अमेरिकेला हवा होता. तीस वर्षे समृद्ध युरेनियम पुरविण्याची हमी तिने दिली आणि तारापुरात अमेरिकेखेरीज दुसऱ्या कोणाचेही इंधन वापरणार नाही, ही अट आपण मान्य केली. १९६९ च्या ऑक्टोबरात प्रत्येकी २१० मेगावॉटच्या दोन भट्ट्या नियमितपणे चालू झाल्या. त्या वेळी ही अट कोणाला बोचली नाही. किल्ली देणारा हात मित्राचा असला म्हणजे कुलूप दिसत नाही.

१८ मे १९७४ रोजी पोखरणचा स्फोट झाला आणि ते कुलूप दिसले. येथे आपल्याही बाजूची गोष्ट झाकून ठेवणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही. त्या स्फोटाचे प्लुटोनियम तुर्भ्याच्या ‘सायरस’ भट्टीतून आले होते. ती भट्टी कॅनडाने दिलेली, तिच्यातील जड पाणी अमेरिकेचे, आणि दोहोंचा उपयोग शांततेसाठीच करण्याचे वचन आपले. आपण स्फोटालाच शांततामय म्हटले; कॅनडाला ते पटले नाही, आणि तिने आपले साहाय्य काढून घेतले. परंतु पोखरणशी तारापूरचा काडीचाही संबंध नव्हता. तारापूरवर आंतरराष्ट्रीय निरीक्षकांची नजर होती आणि तेथील इंधनाचा हिशेब चोख होता. तरीही शिक्षा झाली ती तारापूरलाच. १९७८ च्या मार्चमध्ये अमेरिकेने नवा कायदा केला आणि ज्या देशाची सर्व अणुकेंद्रे तपासणीस खुली नाहीत त्याला इंधन मिळणार नाही, असे ठरविले. पंधरा वर्षांपूर्वी दिलेला शब्द नव्या कायद्याने पातळ झाला. त्याआधी जानेवारीत अध्यक्ष कार्टर दिल्लीत आले असता, मोरारजी देसाई यांना परत गेल्यावर एक रोखठोक पत्र लिहावे लागेल, असे ते आपल्या परराष्ट्रमंत्र्यांच्या कानात बोलले आणि जवळचा ध्वनिक्षेपक चालू असल्याने ते साऱ्या जगाने ऐकले. राजनीतीचे खासगी व जाहीर असे दोन आवाज इतक्या शेजारी क्वचितच ऐकू येतात.

खरी मेख पुढेच आहे. १९८० च्या मे महिन्यात अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने तारापूरला इंधन पाठविण्यास एकमताने नकार दिला. मग ज्या कार्टरसाहेबांनी तो कडक कायदा आणला होता, त्यांनीच महिन्याभरात आयोगाचा निर्णय फिरवून ३८ टन इंधनाला मंजुरी दिली. भारताने काही नव्या अटी मान्य केल्या होत्या काय? मुळीच नाही. घडले होते ते एवढेच की, १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या होत्या आणि दिल्लीला दुखविणे वॉशिंग्टनला एकाएकी परवडेनासे झाले होते. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने २९८ विरुद्ध ९८ मतांनी विरोध केला. सिनेटमध्ये इंधन सुटले ते ४८ विरुद्ध ४६ अशा दोन मतांच्या फरकाने. पालघरच्या किनाऱ्यावरील दिव्यांचे भवितव्य काबूलच्या रणगाड्यांनी आणि दोन सिनेटरांनी ठरविले!

सोव्हिएत रशिया तरी निराळा वागला काय? कॅनडाने पाठ फिरविल्यावर राजस्थानच्या भट्ट्यांसाठी आपण त्या मित्राकडे जड पाणी मागितले. ते मिळाले, परंतु तपासणीच्या अटीसह. मैत्रीचा करार १९७१ मध्ये झालेला असूनही बॉम्बच्या प्रश्नावर क्रेमलिन आणि व्हाइट हाउस यांचे एकमत होते. भांडवलशाही आणि साम्यवाद यांच्या नावाने जगाची दोन शकले करणाऱ्यांची तत्त्वे, अण्वस्त्रांची मक्तेदारी राखण्याचा प्रसंग आला की, एका पंगतीस जेवायला बसत.

पुढची कथा तर उपरोधाने भरलेली आहे. १९८२ मध्ये इंदिरा गांधी व अध्यक्ष रीगन यांनी तडजोड काढली आणि इंधन फ्रान्सकडून येऊ लागले. १९९३ साली मूळ कराराची मुदत संपताच फ्रान्सनेही हात आखडता घेतला. मग १९९५ मध्ये इंधन दिले ते चीनने. ज्या चीनच्या भयामुळे तारापूरचा मूळ करार सुकर झाला होता, त्याच चीनने! २००१ मध्ये रशियाने पुरवठा केला, तेव्हा अमेरिकेने आंतरराष्ट्रीय नियमांचा भंग झाल्याची ओरड केली. आणि २००८ च्या सप्टेंबरात पुरवठादार देशांचे नियम भारतापुरते शिथिल करून घेण्यास पुढाकार कोणी घेतला? त्याच अमेरिकेने. चीन पुन्हा एकदा बलाढ्य झाला होता आणि लोकशाही भारत पुन्हा एकदा हवाहवासा वाटू लागला होता. वर्तुळ पुरे झाले.

यावरून कोणी महासत्तांना शिव्या देऊन मोकळे होईल, तर तो धडा शिकलाच नाही, असे आम्ही म्हणू. महासत्ता स्वार्थाने वागतात ही काही बातमी नव्हे. प्रश्न असा की, त्यांचे स्वार्थ बदलतात तेव्हा आपल्या हाती काय उरते? तारापूरचे उत्तर स्पष्ट आहे. पहिल्या दोन भट्ट्यांशेजारी आपल्या अभियंत्यांनी प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या उभारल्या. २००५ व २००६ मध्ये त्या चालू झाल्या. त्यांना समृद्ध युरेनियम लागत नाही. त्यानंतर नैसर्गिक युरेनियमचीही टंचाई भासली आणि स्वावलंबनाच्या मर्यादा कळल्या, हे खरे. पण वाटाघाटींच्या मेजावर आपण गेलो ते स्वतःचे तंत्रज्ञान घेऊन. अणुऊर्जा आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी २००६ मध्ये वेगवान प्रजनक भट्टीचा कार्यक्रम परकीय तपासणीबाहेर ठेवण्याचा आग्रह धरला व तो मान्य झाला, तो या बळावर. ज्याच्या घरी स्वतःची चूल आहे, त्यालाच शेजाऱ्याकडून विस्तव मागताना ताठ मानेने उभे राहता येते.

हा धडा जुना झालेला नाही. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवर बंदी घालणारा १९८७ चा करार २०१९ मध्ये निकालात निघाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, रशियाचे तेल घेतो म्हणून, आपल्या मालावर अमेरिकेने २५ टक्के जादा आयातकर लादला. जैतापूरला फ्रेंच भट्ट्या बसविण्याच्या कराराची चौकट २०१० च्या डिसेंबरात ठरली. अशा प्रत्येक करारपत्रावर सही करताना आपल्या राज्यकर्त्यांनी १९६३ ची ती एक अट डोळ्यांसमोर ठेवावी. इंधन एकाच दारातून येणार असेल, तर ते दार कोणत्या दिवशी बंद होईल, हे दाराचा मालकच ठरवितो.

एक गोष्ट मात्र महासत्तांच्या नव्हे, आपल्या पदरी आहे. तारापूरच्या नव्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली, आणि तेथील रहिवाशांना आपल्याच सरकारने दिलेल्या शब्दासाठी उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. वॉशिंग्टनने शब्द फिरविला म्हणून आपण पंचवीस वर्षे गाऱ्हाणे गायिले. पोफरणच्या कोळ्याचे गाऱ्हाणे ऐकावयास आपल्याला तितकासा वेळ झाला नाही. दुर्बळाला दिलेला शब्द सोयीनुसार वाकविणे, हाच जर महासत्तांचा दोष असेल, तर तो टाळण्याची सुरुवात घरातून झाली पाहिजे. मुरगूडचा शेतकरी रात्री मोटारीची कळ दाबतो, ती दिव्याच्या भरवशावर नव्हे, दिलेल्या वेळेच्या भरवशावर. राष्ट्राराष्ट्रांमध्ये तो भरवसा अजून निर्माण व्हावयाचा आहे. निदान राष्ट्राच्या आत तरी तो ढळू नये.